किरनापूरची चूलबंद नावं

दादा, तुझ्या तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसात येऊन बसले. शोभावहिनी म्हणत होती, "दोन दिस थांब न वं, काम कुठं पळून राह्यलं?" मी थांबले नाही. तुझ्या घरात माझ्याच्यानं बसवत नव्हतं, आणि काम खरोखरच होतं. तुझं खातं बंद करायचं होतं. माणूस गेला की त्याच्या नावानं कोणी मशीन उघडू नये, असा आपल्या संस्थेचा नियम आहे आणि तो मीच लिहिलेला आहे. लिहिताना डोळ्यासमोर राजीनामे होते, बदल्या होत्या. मावसभाऊ नव्हता.

नियमांवरून तू मला किती छळायचास. "आमची संध्या पाळन्यातून उतराच्या आधी मायले विचारे, उतरू का म्हनून." हे तू माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना सांगितलंस आणि ते बिचारे खरं धरून बसले. मीही काही सोडत नव्हते. तुझ्या हाती लाडवांचा डबा दिला तर घरी पोचेपर्यंत झाकणच उरतं, हे मी मावशीला दर दिवाळीत सांगायचे. रस्त्यात भेटेल त्याच्या हातावर तू एकेक लाडू ठेवत यायचास. माझ्यासाठी एक ठेवायचास, हे मात्र मी कधी कोणाला सांगितलं नाही.

तेरवीला आलेल्या एका पाहुण्यानं मला विचारलं, भावाबहिणीचं काही बिनसलं होतं म्हणे? मी सांगायला गेले आणि अडखळले. कॉम्प्युटरात किती नावं टाकायची यावरून, असं म्हटलं तर माणूस म्हणणार, बस, एवढंच? हौ, एवढंच.

त्या पाहुण्याला जे नीट सांगता आलं नाही ते तुझ्यासमोर एकदा मांडते. आपल्या शिक्षणसंस्थेच्या चार शाखा, बालाघाट, किरनापूर, परसवाडा, हट्टा. चारही ठिकाणच्या मशीनी एकाच डिरेक्टरीवर चालतात. तिच्यात ज्याचं नाव, त्यालाच मशीन आत घेते. ती सांभाळायची मी, बालाघाटला बसून. आणि नवीन नावं टाकायची मुभा प्रत्येक शाखेच्या कॉम्प्युटर सरांना. किरनापूरचा सर तू. मी ही मुभा दिली तेव्हा किती नावं टाकायची ते सांगितलं नव्हतं, कारण प्रत्येक जण आपल्या शाखेतल्या पोरांची टाकणार, आणखी कोणाची टाकणार? तुला ओळखूनही मी हे गृहीत धरलं, ही माझीच अक्कल.

आपल्याकडे लग्नाचं आवतन दोन तऱ्हेचं. घरटी एक, नाहीतर चूलबंद. चूलबंद आलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, म्हातारीपासून रांगत्या पोरापर्यंत सगळे जेवायला तिकडे. माझं आवतन घरटी एक होतं, ज्याचा प्रवेश त्याचं नाव. तू चूलबंद देऊन मोकळा झालास. पोरगा नाव टाकायला आला की तू विचारायचास, घरी कोण कोण हाये? आणि आईचं, बापाचं, शाळा सुटलेल्या बहिणीचं, सगळ्यांची नावं टाकायचास. कॉलेज सुटलं की लॅबमध्ये हे सगळे गोतावळ्यासारखे जमायचे. कोणी फॉर्म भरायला शिकत होतं, कोणी टायपिंग. मशीनी तशाही संध्याकाळी रिकाम्याच असतात, हे तुझं म्हणणं. ते खोटं नव्हतं.

सुमनबाई अशीच आत आली. तिची पोरगी आपल्याकडे शिकत होती. रस्ता सुना म्हणून ती पोरीला घ्यायला यायची आणि वर्ग सुटेपर्यंत पायरीवर बसायची. तू बाहेर येऊन म्हणालास, "पायरीवर मच्छर काहून मारता? आत बसा, मशीन मोकयी हाये." वर्षभरात ती बाई दोन्ही हातांनी टाईप करायला लागली. तहसीलीपाशी अर्ज लिहून देणाऱ्याच्या टपरीवर तिला बसायचं होतं. शिवणकामानं डोळे गेले, आता हेच, असं तिनं ठरवलं होतं. तिची गोष्ट तू मला इतक्या वेळा सांगितलीस की मी एकदा म्हटलं, दादा, तिला तूच दत्तक घे. त्यावर तू पोट धरून हसलास.

मग ती परीक्षा आली. एका सुट्टीच्या दिवशी तू बसून दोन गावांची नावं टाकलीस. तुला सुट्टी, म्हणून तुला वाटलं सगळ्यांनाच सुट्टी. एका शाखेत टाकलेलं नाव उरलेल्या तीनही शाखांच्या मशीनींपर्यंत पोचावं लागतं, आणि परसवाड्याची लाईन म्हणजे बारीक धार. तुझी नावं तिथे थेंबथेंब पोचत राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या पोरांची प्रॅक्टिकल परीक्षा. मशीनी उघडेनात. पोरं हात बांधून बसलेली, बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघताहेत. संचालकांचा मला फोन, "संध्याजी, ये क्या तमाशा है?" माझ्या कानाची पाळी गरम झाली ती दिवसभर तशीच होती.

मी तुला फोन केला. "दादा, हे काय करून ठेवलंस?"

"काय केलं? नावंच तं टाकली. बॉम्ब थोडी टाकला."

"परसवाड्याची पोरं रडताहेत तिकडे."

तू म्हणालास, "ते वाईट झालं. मले समजलं नाही, संध्ये." तू चूक कबूल करायला कधी वेळ लावला नाहीस. ते तिथेच संपायला हवं होतं.

मी संपवलं नाही. त्याच आठवड्यात मर्यादा लावली. प्रत्येक सराला इतकीच नावं, त्याच्यापुढे मशीनच नकार देईल. आणि मी चूक नव्हते, दादा, हे मी आजही म्हणते. मर्यादा पाहिजेच. हे काम शिकलेला कोणीही तेच करेल. चूक असते तर मला सोपं गेलं असतं, तुझ्या फोटोपुढे नाक घासून मोकळी झाले असते. पण मी आकडा कसा ठरवला ते ऐक. चौघांनाही एकच आकडा दिला. संचालकांना सांगताना म्हटलं, भेदभाव नको, सगळ्यांना सारखा. परसवाड्याला, हट्ट्याला, इथल्या सरांना त्याच्या जवळपासही जायची वेळ येणार नव्हती. तो आकडा फक्त तुलाच लागणार होता, आणि हे मला लावतानाच माहीत होतं. सारखेपणाच्या नावाखाली मी एका माणसासाठी भिंत बांधली आणि वर स्वतःची पाठ थोपटली.

तू भांडलास. तुझ्या पद्धतीनं, म्हणजे जेवता जेवता. "पंगतीत पानं मोजून वाढते का कोनी?" मी म्हटलं, "पानं नाही मोजत, पोळ्या मोजतात. आचाऱ्याला विचार." तू म्हणालास, "आचारी हरामखोर असला तं मोजते." वहिनी म्हणाली, तुमी दोघं जेवा आधी. वरण निवलं होतं.

मग जुलैत नवे प्रवेश झाले आणि तुझी मर्यादा भरली. नव्या पोरांची नावं टाकायला मशीन नाही म्हणू लागली. तू मला न विचारता, तुझ्या अंगच्या भलेपणानं, वाट काढलीस. संध्याकाळच्या लोकांची नावं काढलीस. त्यांना सांगितलंस आणि एकेक नाव स्वतःच्या हातानं काढलंस. मग मला फोन केलास. तुझा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"संध्ये, मी लोकायले उठवलं, तरी जागा होऊन नाही राह्यली. मशीन म्हनते अजून भरलंच हाये."

मला कारण माहीत होतं. काढलेलं नाव डिरेक्टरीतून लगेच जात नाही. ते गेलं हे सगळ्या शाखांना कळावं म्हणून त्याची खूण काही महिने राहते. ती खूण मर्यादेत मोजायची की नाही, की अर्धीच मोजायची, हे मी ठरवते. मी ती पूर्ण मोजायला लावली होती. लोक नावं टाकतील, काढतील, पुन्हा टाकतील, असा खेळ होऊ नये म्हणून. मी तुला हे सगळं सांगितलं, शाळेत शिकवतात तसं.

तू म्हणालास, "मंग हे मले आधी काहून नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "तू विचारलं नाहीस."

दादा, आजवर मी तुला काय काय बोलले असेन. हावरट म्हटलं, उधळ्या म्हटलं, लहानपणी एकदा दगड मारला. पण ह्या तीन शब्दांसारखं मी तुला कधी काही म्हटलेलं नाही. तू हळूच म्हणालास, "पंगतीतून उठवलं न वं मी त्याइले. समोरचं पान ओढलं, अन् जागा बी नाही झाली." आणि फोन ठेवलास. ती खूण मोजू नको, असं मशीनला सांगायला मला चहा प्यायला लागतो तितकाही वेळ लागला नसता. मी चहा प्यायले. नव्या पोरांची नावं मी इथून टाकली, कारण ती नियमात बसत होती. तुझ्या लोकांची टाकली नाहीत. तू मागशील तेव्हा बघू, असं मनात म्हटलं.

तू मागितलंस, भाऊबीजेला. मी तुला ओवाळत होते, माझा पोरगा "मामाजी, सीधा बैठो ना" म्हणत फोटो काढत होता, आणि तू ताटात ओवाळणी टाकता टाकता म्हणालास, "यंदा तू मले काही दे. माह्या लोकायपुरती जागा दे."

मी म्हटलं, "ओवाळणी भावानं द्यायची असते. बहिणीनं नाही."

सगळे हसले. तूही हसलास. माझ्या हजरजबाबीपणाचं मला तेव्हा कौतुक वाटलं. तू पाटावरून उठलास, पोराच्या टाळूवर टपली मारलीस, मला म्हणालास, बासुंदी झकास झाली. पुन्हा विषय काढला नाहीस. मी वाट पाहिली, खरं सांगते. तू आणखी एकदा म्हटलं असतंस तर मी देणारच होते. धाकटी बहीण असल्याची ती जुनी खोड, मोठ्या भावानं तीनदा विनवल्याशिवाय रुसवा सोडायचा नाही. तू एकदा जेवताना आणि एकदा भाऊबीजेला, असं दोनदाच म्हणालास आणि पौषात एका सकाळी आंघोळ करून उंबऱ्यावर बसलास तो उठला नाहीस.

तेरवीला मी पंगतीत वाढत होते. सुमनबाई तिच्या पोरीबरोबर आली होती. मी तिला तोवर पाहिलेलं नव्हतं, पण डोळ्यांजवळ ताट नेऊन बघण्याच्या तिच्या पद्धतीवरून ओळखलं. तिला मी फक्त सरांची बहीण म्हणून माहीत. ती शेजारणीला सांगत होती, माझ्याकडेही बघत होती. "सर देवमानूस. पन शेवटी शेवटी काय झालं त्याइले, देव जाने. आमाले म्हने, आता माह्याच्यानं होत नाही, तुमी येऊ नोका. कोनी कान भरले असन."

माह्याच्यानं होत नाही. तू त्यांना हे सांगितलंस. माझं नाव नाही, बालाघाटचं नाव नाही, मशीनचंही नाही. माझ्या हातात वरणाची बादली होती. मी म्हटलं, "अजून घेता का थोडं?" ती म्हणाली, "बस बस, बाई." मी पुढच्या पानाकडे गेले.

संध्याकाळी वहिनीला विचारलं, हे असं का सांगितलं त्यानं? वहिनी भांडी आवरत होती, वर न बघता म्हणाली, "तो म्हने, तिची नोकरी हाये. लोक तिले नावं ठेवतीन, ते मले नाही पायजे. मी तं इथलाच हाये, लोक दोन दिस रागावतीन अन् मंग बोलतीन." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली, माझ्यावर राग न ठेवता. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर मी तुझं खातं उघडलं. तुझ्या हातची सगळी नावं एकाखाली एक आली. आणि दादा, तुझ्याकडे जागा होती. जुलैतल्या त्या खुणा मुदत संपून आपोआप गेल्या होत्या. तुझ्या जाण्यानंतर काही दिवसांतच. मशीन आता तुला नाही म्हणाली नसती. मी तिथे बसून रडले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं पाणी आणून दिलं, त्याबद्दल तिची मी ऋणी आहे. मग तुझं खातं बंद केलं.

संचालकांकडे गेले. किरनापूरला संध्याकाळचा वर्ग पुन्हा सुरू करू द्या, बाहेरच्या लोकांची नावं मी स्वतः टाकीन, थोडी थोडी, लाईन सांभाळून, असं सांगायला मी सकाळपासून मुद्दे जुळवले होते. त्यांनी पहिल्याच वाक्याला मान हलवली. "हाँ तो कर दीजिए. इसमें पूछने का क्या है?" जे तू दोनदा मागितलंस ते मी एकदाही कोणाला विचारलं नव्हतं. मीच आपली कडी लावून, मीच आतून पहारा देत होते.

शनिवारी बसनं किरनापूरला गेले. वहिनीनं लोकांना बोलावलं होतं, लॅब भरली होती. तुझ्या खुर्चीवर मी बसले नाही, कडेला स्टूल होतं ते घेतलं. एकेकाला विचारून नाव टाकलं. सगळी टाकून झाल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं. तुम्हाला सरांनी थांबवलं नाही, मी थांबवलं. मर्यादा माझी होती. ते माझ्याकडे मागत होते, मी देत नव्हते. तुम्हाला ते म्हणाले माझ्याच्यानं होत नाही, ते माझ्यावर आळ येऊ नये म्हणून. हे बोलताना माझी छाती हलकी होत गेली. इतक्या दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला. मला वाटलं होतं, हे सांगितलं की तुझ्या माथ्यावरचं निघेल.

मागून कोणी तरी म्हणालं, जाऊ द्या मॅडम, झालं ते झालं. सुमनबाई मशीनपुढे बसली होती. तिनं हात मांडीवर घेतले.

"हे आता काहून सांगून राह्यल्या, बाई?"

मी स्टुलावर परत बसले.

"बैलपोयाच्या बाजारात सर भेटलते मले. चहा घ्या म्हने, सुमनबाई, पाच मिनिट बसा. मी मुंडकं फिरवलं अन् निंघून गेली. मंग रस्त्यात दिसले तरी बोलली नाही." ती पोरीकडे बघत म्हणाली, "मले वाटे, सरायनंच उठवलं."

ती उठली, पदर सावरला, पोरीला चल म्हणाली आणि गेली. दारात तिनं चपला घालताना भिंतीला हात धरला.

दादा, तुझं ओझं उतरवायला म्हणून मी गेले होते असं मी स्वतःला सांगत होते. उतरवलं ते माझं, आणि ठेवलं ते तिच्या डोक्यावर. तू हे ओळखून गप्प राहिला होतास की नुसता मला वाचवायला, ते मला कळायचा आता मार्ग नाही. सांगितलं नसतं तर तुझ्यावरचा तो डाग तसाच राहिला असता. सांगितलं तर हे झालं. तू असतास तर विचारलं असतं, काय करायला हवं होतं मी? तू म्हणाला असतास, जेव आधी.

तिचं नाव आता डिरेक्टरीत आहे. माझ्या हातचं, नियमात बसवलेलं, कोणी काढणार नाही. कोणत्या शाखेत कोण कधी मशीन उघडतं ते मला इथे बसून दिसतं. किरनापूरचे बाकी सगळे यायला लागलेत. कॉलेज सुटायच्या वेळी मी रोज बघते. सुमनबाई अजून आलेली नाही.